जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: आधी काय, नंतर काय

नमस्कार ताई,

पत्रातून कळलं ते असं. मुलगी गेल्या वर्षी मेकॅनिकलची बी. ई. झाली, आठ महिने नोकरी करते आहे, आणि जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात अक्षय ऊर्जेच्या एम. एस्सी.ला तिला ऑक्टोबरच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला आहे. एपीएस प्रमाणपत्र अजून काढलेलं नाही. दुसऱ्या वर्षी तिचा एक विषय राहिला होता, त्याची तुम्हाला धास्ती वाटते. ब्लॉक अकाउंटची, म्हणजे तिथल्या राहण्याखाण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याची, रक्कम दिरांकडून महिनाभरासाठी घेऊन ‘दाखवावी’ का आणि दीड लाखात व्हिसाची गॅरंटी देणाऱ्या एजंटाकडे जावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

सगळ्यात आधी एपीएस. आजच. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जासोबत हे प्रमाणपत्र जोडावं लागतं. दहावीपासून पदवीपर्यंतची कागदपत्रं खरी आहेत, अशी ती पडताळणी असते. फी १८,००० रुपये. एपीएस इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, फॉर्म भरून छापायचा, सही करायची आणि कागदांच्या प्रतींसह दिल्लीच्या कार्यालयाला कुरिअरनं पाठवायचा. मूळ गुणपत्रिका पाठवायच्या नाहीत. पैसे उद्या उभे करता येतील, विमा तासाभरात निघेल. पण पडताळणीचा वेळ तुमच्या हातात नाही. म्हणून ती सर्वांत आधी सुरू व्हायला हवी. ‘प्रवेश आला की बघू’ असं म्हणून थांबलेल्या मुलांचं सत्र इथेच हातातून जातं.

एपीएस अडकतं ते बहुतेक अपुऱ्या कागदांमुळे. गुणपत्रिकेची मागची बाजू स्कॅन केलेली नसते, एखाद्या सत्राची गुणपत्रिका राहून जाते, पदवी प्रमाणपत्राऐवजी कॉलेजचा दाखला लावलेला असतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट नीट पाहा. राहिलेल्या विषयाच्या दोन्ही गुणपत्रिका लावा, नापास झाल्याची आणि पुन्हा देऊन सुटल्याची. अनेक घरांत पहिली गुणपत्रिका लाजेपोटी कपाटात राहते आणि मग कागदांमध्ये एक सत्र तुटल्यासारखं दिसतं. एक विषय राहिला होता म्हणून व्हिसा नाकारला जात नाही. तो झाकायचा प्रयत्न मात्र महागात पडतो.

आता नावाचं. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण आपल्याकडच्या कागदांत ही अडचण हमखास येते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कुठे कुठे शेवटी आईचंही असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. मुलीनं विद्यापीठाच्या पोर्टलवर घाईत वडिलांचं नाव आडनाव म्हणून भरलं असेल, तर प्रवेशपत्रावर एक नाव, ब्लॉक अकाउंटवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं येतं. आज प्रवेशपत्र आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर विद्यापीठाला ई-मेल करून प्रवेशपत्र दुरुस्त करून घ्या. यापुढचा प्रत्येक फॉर्म पासपोर्टवरच्या रकान्यांप्रमाणेच भरायचा. गुणपत्रिकेवरच्या स्पेलिंगमध्येच फरक असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

पैशांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे तुमची समजूत थोडी चुकते आहे. ब्लॉक अकाउंट म्हणजे बँकेत शिल्लक दाखवणं नव्हे. १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी रक्कम ठरलेली आहे. अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या पानावर ती एकदा तपासून घ्या, कारण ती बदलत असते. हे पैसे मुलीच्या नावानं खरोखर जर्मनीतल्या खात्यात जातात आणि ती तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशेबानं तिला मिळतात. व्हिसा नाकारला गेला, तर नकाराचं पत्र देऊन रक्कम परत मिळते. व्हिसा मिळाला, तर ती महिनाभरात दिरांना परत करता येणार नाही. तोच तिचा भाड्याचा आणि जेवणाचा पैसा असेल. दिरांनी द्यायचे तर वर्षभरासाठी, परतफेडीचं वेळापत्रक ठरवून द्यावेत. नाहीतर शैक्षणिक कर्ज काढा. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र ब्लॉक अकाउंटची जागा घेत नाही, कर्जाची रक्कम प्रत्यक्ष त्या खात्यात जावी लागते. हे बँकेच्या अधिकाऱ्याला सुरुवातीलाच सांगा.

युरो १०० रुपये धरला, तर ११,९०४ युरोचे ११ लाख ९० हजार ४०० रुपये होतात. स्वतःच्या पैशातून एका व्यक्तीनं एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम परदेशी पाठवली, की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. ते पैसे बुडत नाहीत, पाठवणाऱ्याच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळते होतात. पण नेमके त्या दिवशी खात्यात कमी पडतात. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. तुमची आणि यजमानांची स्वतंत्र बचत असेल, तर दोघांनी आपापल्या पॅनवर थोडी थोडी रक्कम पाठवणं सोपं जाईल.

पाठवताना एक छोटी चूक वारंवार होते. मधल्या बँकेचं शुल्क वाटेत कापलं जातं, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८० जमा होतात आणि खातं पूर्ण भरल्याची पुष्टी निघत नाही. चोवीस युरोंसाठी आठवडा जातो. म्हणून सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या असं फॉर्मवर नोंदवा, आणि वर ५० ते १०० युरो जास्त पाठवा.

पहिल्या महिन्यासाठी वेगळे पैसे हाताशी हवेत. तिथे पोहोचून चालू खातं उघडेपर्यंत ब्लॉक अकाउंटमधून काही मिळत नाही. आणि खोली घेताना घरमालक अनामत मागतो, ती कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. अर्धवेळ कामावर हिशेब बसवू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, पण पहिल्या सत्रात अभ्यास, भाषा आणि नवं शहर सांभाळून काम मिळेलच असं धरून चालणं धोक्याचं.

विम्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तिथल्या सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो आणि विद्यापीठात नाव नोंदवायला तो लागतो. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत सरकारी विम्यात परत जाता येत नाही. विमानात बसल्यापासून नावनोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा काढायचा.

व्हिसा लागतो तो राष्ट्रीय व्हिसा, ‘डी’ प्रकारचा. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. भारतीयांना तसं करता येत नाही. महाराष्ट्रातल्यांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल या जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरून कागद चढवायचे आणि मग बोटांचे ठसे, मूळ कागद यांसाठी दिलेल्या वेळी हजर राहायचं. फी ७५ युरो, रुपयांत घेतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

एजंटाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण वरचं सगळं वाचल्यावर दिसेल की यातलं एकही काम असं नाही जे इंजिनिअर झालेल्या मुलीला जमणार नाही. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो, त्याची गॅरंटी कोणी देऊच शकत नाही. काही एजंट काय करतात, तर हाच अभ्यासक्रम का निवडला हे सांगणारं प्रेरणापत्र प्रत्येकासाठी तेच ते लिहितात आणि अनुभवाचा दाखला ‘थोडा वाढवून’ देतात. आठ महिन्यांची नोकरी आठच महिन्यांची राहू द्या. पूर्वी नकार आला तर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण आणि खरा असावा, आणि तो तिनं स्वतः भरावा.

प्रेरणापत्रासाठी तिनं अभ्यासक्रमाची विषयपुस्तिका उघडून बसावं. बी. ई.ला उष्णता संक्रमण आणि द्रव यांत्रिकी शिकली, त्यावर तिथला कोणता विषय उभा राहतो. कंपनीत नेमकं काय डिझाइन केलं. शिक्षण संपल्यावर कोणतं काम करायचं आहे, एवढं दीड पानात लिहावं. जर्मनी किती महान देश आहे याचा परिच्छेद गाळावा. मुलाखतीत विचारलंच, तर हे तिला न अडखळता सांगता यायला हवं.

सगळं करूनही व्हिसा उशिरा आला, तर? प्रवेशपत्रात नावनोंदणीची शेवटची तारीख असते, ती आत्ताच शोधून ठेवा. त्या तारखेच्या तीन आठवडे आधी व्हिसा हातात नसेल, तर मुलीनं विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला अर्जाची पोचपावती जोडून लिहावं आणि दोन गोष्टी विचाराव्यात: उशिरा नावनोंदणी कधीपर्यंत चालेल, आणि तेही जमलं नाही तर प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येतो की पुन्हा अर्ज करावा लागतो. काही विद्यापीठं मुभा देतात, काही देत नाहीत. जे उत्तर येईल ते लेखी घ्या, आणि ते येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.