१९९४ ची गाडी, एसीत आर-१२ (जुना गॅस) आहे, पुण्यात आर-१३४ए (नंतर आलेला गॅस) वर करून मिळेल का?

हो, होतं, पण नुसता जुना गॅस काढून नवा भरून चालत नाही. मी गाड्यांच्या एसीचंच काम करतो, आर-१२ बरोबर कॉम्प्रेसरच्या वंगणासाठी असलेलं मिनरल ऑईल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, मग ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो कोरडा चालून जाम होतो. म्हणून सिस्टीम फ्लश करून (आतून धुऊन) एस्टर ऑईल, ड्रायर (ओल शोषणारा भाग) नवा, ओ-रिंगा (जोडावरच्या रबरी रिंगा) हिरव्या एचएनबीआर रबराच्या (नाना पेठेत मिळतात), मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल काढणं. गॅस जुन्या वजनाच्या ८०-९० टक्केच, काट्यावर मोजून, "थोडा जास्त टाकतो साहेब" असं मेकॅनिक म्हणाला तर सरळ नको म्हणा. फक्त जुनाच कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) ठेवलात तर मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला कूलिंग जरा कमी वाटेल, गाडी पळाली की ठीक.