डर्बीच्या हिवाळी एल महोत्सवाला पहिल्यांदा जाताना काय प्यावे आणि कोणत्या क्रमाने?

आपण विचारले आहे की, नॉटिंगहॅमला शिकायला आल्यापासून सहाध्यायी आपल्याला फेब्रुवारीत डर्बीच्या हिवाळी एल महोत्सवाला (एल म्हणजे इथली पारंपरिक बिअर) नेण्याचे ठरवत आहेत; भारतात आपण फक्त थंडगार लागर प्यायलेली आहे. तेव्हा इथली बिअर खरोखरच कोमट आणि बेचव असते का, सफरचंदाची सायडर म्हणजे निव्वळ गोड पेय असते का, आणि सुरुवात कशाने करावी? मी अनेक वर्षे डर्बीशायरमध्ये राहतो आणि अशा महोत्सवांत पाहुणा म्हणूनही गेलो आहे व स्वयंसेवक म्हणून पिंपांमागेही उभा राहिलो आहे. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी 'कोमट' या शब्दाविषयी. पिंपातील एल साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला, म्हणजे तळघराच्या तापमानाला दिली जाते. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात आपण जी लागर मागवतो ती ३-४ अंशांची असते आणि तिथे तो थंडावाच मुख्य सुख असतो. परंतु इतक्या थंडीत जीभ बधिर होते आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा भाजकेपणा, मनुकांसारखा गोडवा किंवा काळ्या गुळाची आठवण करून देणारी चव कळेनाशी होते. हिवाळी एलमध्ये नेमक्या याच चवी असतात, म्हणून ती थंडगार देण्यात काहीच अर्थ नाही. पहिला घोट घेताना थंडाव्याची अपेक्षा मनातून काढून टाकावी, इतकेच मी सुचवीन.

दुसरा फरक बिअरच्या स्वरूपाचा आहे. महोत्सवात आपल्याला दालनभर घडवंच्यांवर आडवी ठेवलेली पिंपे दिसतील. त्यांतील बिअर गाळून, निर्जंतुक करून, वायूच्या दाबाखाली भरलेली नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि पिंपातच तिचे दुसरे आंबवण होते. त्यातून तयार होणारा नैसर्गिक वायू मंद असतो, म्हणून ही बिअर नाकात झोंबत नाही. पिंप जागेवर आले की गाळ तळाशी बसू द्यावा लागतो, वरच्या बुचात लाकडी खुंटी ठोकून जादा वायू बेताबेताने सोडावा लागतो आणि मगच नळ बसवून चव घ्यावी लागते. ही कामे महोत्सव उघडण्याच्या आधीच्या दिवसांत विनावेतन स्वयंसेवक करतात. ९ गॅलनचे, म्हणजे सुमारे ४१ लिटरचे पिंप एकदा उघडले की हवा आत शिरते आणि साध्या ताकदीची एल तीनएक दिवसांत उतरते. कडक एल त्याहून अधिक टिकते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोठ्या कारखान्यांनी सोयीसाठी वायूने दाबलेली बिअर पुढे आणली आणि पिंपातील एल पबांतून मागे पडू लागली. तेव्हा १९७१ मध्ये 'कॅमरा' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. आपण जात आहात तो महोत्सव याच चळवळीच्या स्थानिक शाखेच्या श्रमांतून उभा राहतो. कॅमराचा राष्ट्रीय हिवाळी एल महोत्सवही २०१४ ते २०१६ या काळात डर्बीच्या राउंडहाउसमध्येच भरला होता. १८३९ मध्ये रेल्वे इंजिनांसाठी बांधलेली ही गोल इमारत स्वतःच पाहण्यासारखी आहे. मान वर करून तिचे छत जरूर पाहावे.

हिवाळ्यासाठी वेगळी एल का, याचे उत्तर हवामानात आणि जुन्या कामाच्या पद्धतीत आहे. शीतकरणाची यंत्रे येण्यापूर्वी उन्हाळ्यात बिअर बनवणे जोखमीचे होते, कारण उष्णतेने ती नासत असे. नवे धान्य आणि नवे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) हाती आले की ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत मुख्य काम चाले, आणि भरपूर माल्ट घालून केलेली कडक बिअर महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लाकडी पिंपांत मुरवत ठेवली जाई. आजच्या 'ओल्ड एल' आणि 'बार्ली वाइन' या प्रकारांचे मूळ त्या मुरवलेल्या बिअरमध्ये आहे. त्यांच्या जोडीला पोर्टर, स्टाउट आणि कडक माइल्ड हे गडद प्रकार आले की हिवाळी महोत्सवाची यादी पूर्ण होते.

डर्बीहून जेमतेम वीस किलोमीटरवर बर्टन अपॉन ट्रेंट हे गाव आहे आणि आपण भारतातून आला आहात म्हणून त्याची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम या खनिजाचे प्रमाण मोठे आहे. अठराव्या शतकात तिथली गडद, गोडसर आणि अतिशय कडक एल बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला जात असे. १८२०च्या दशकात रशियाने लावलेल्या जबर जकातीने तो व्यापार बुडाला, आणि बर्टनच्या कारखानदारांनी मुंबई-कलकत्त्याच्या बाजारासाठी फिकट, कडवट पेल एल करायला घेतली. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उमटत असल्याने ती बिअर तिथे विलक्षण साधली. पुढे इंडिया पेल एलचे नाव जगभर झाले, पण इंग्लंडच्या पबांत जुनी गडद बर्टन एल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवाळ्यात मिळत राहिली. लंडनच्या यंग्ज कंपनीने तर आपल्या 'बर्टन'चेच नाव बदलून १९७१ मध्ये 'विंटर वॉर्मर' केले. महोत्सवाच्या यादीत 'बर्टन एल' असे शब्द दिसले तर ती चुकवू नये. माझ्या मते या भागातील हिवाळ्याची खरी चव तिच्यात आहे.

आता बिअरपैकी काय निवडावे? नवख्या माणसाने थेट बार्ली वाइनकडे धाव घेऊ नये. बिअरमध्ये आधी ३ ते ४ टक्के अल्कोहोलची गडद माइल्ड घ्यावी. ती दिसायला काळी, पण अंगाने हलकी असते आणि 'काळी म्हणजे कडक' हा समज तिथल्या तिथे दूर होतो. त्यानंतर पोर्टर. यॉर्कशायरमधील एलंडची '१८७२ पोर्टर' ६.५ टक्क्यांची आहे आणि तिने २०१३ व २०२३ अशी दोनदा ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरची स्पर्धा जिंकली आहे. कॉफी आणि कडू चॉकलेट यांची आवड असेल तर ती पहिल्याच घोटात मनात भरेल. ओल्ड एलमध्ये मॅशमची 'थीकस्टन ओल्ड पेक्युलिअर' ५.६ टक्क्यांची, फळांच्या गोडव्याची आणि सहज सापडणारी आहे. स्टॉकपोर्टच्या रॉबिन्सन्स कारखान्याची 'ओल्ड टॉम' मात्र ८.५ टक्क्यांची आहे. तिची पहिली नोंद १८९९ ची, आणि त्या नोंदीजवळ मुख्य ब्रुअरने काढलेला मांजराचा चेहरा आजही तिच्या चिन्हावर आहे. आपल्याकडील 'स्ट्राँग' म्हणून विकली जाणारी बिअरही साधारण ७-८ टक्क्यांची असते; दोन्हींत अल्कोहोल जवळपास सारखेच असूनही एक घशाखाली उतरवण्यासाठी केलेली आहे आणि दुसरी हळूहळू चाखण्यासाठी, हे आपल्याला लगेच जाणवेल.

आपण शाकाहारी आहात की नाही हे प्रश्नात लिहिलेले नाही, पण असाल तर एक गोष्ट माहीत असायला हवी. पिंपातील एल नितळ व्हावी म्हणून पुष्कळ कारखाने तिच्यात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनते. ते गाळाबरोबर तळाशी जात असले तरी अनेकांना ते चालणार नाही. अलीकडे ते न वापरता, थोडी गढूळ राहणारी एल देणारे कारखाने बरेच आहेत. काउंटरवरच्या स्वयंसेवकाला निःसंकोच विचारावे, यादीतही बहुधा तशी खूण असते. मिल्क स्टाउटमध्ये दुधातील साखर असते, हेही ध्यानात असू द्यावे.

सायडरचे दालन लोक उगाच शेवटी ठेवतात किंवा टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्रिटनच्या करनियमांनुसार फक्त ३५ टक्के रस असलेले पेयही सायडर म्हणून विकता येते, आणि बाटलीतील गोड, फसफसणारी सायडर बहुधा त्या वाटेने जाते. महोत्सवात मिळते ती ताज्या पिळलेल्या रसाची, बहुतेक वेळा बुडबुड्यांविना आणि खोक्यातील पिशवीतून थेट ओतलेली असते. तिच्यासाठीची सफरचंदे खाण्याची नसतातच. सॉमरसेटमधील डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल आणि किंग्स्टन ब्लॅक या जातींत टॅनिन इतके असते की फळ चावले तर तोंड आवळून येते, पण आंबवल्यावर तोच तुरटपणा सायडरला अंग देतो. पूर्वेकडच्या परगण्यांत खाण्याच्या आणि शिजवण्याच्या सफरचंदांपासून केलेली सायडर फिकट, पातळ आणि आंबट असते. दोन्हींची चव एकापाठोपाठ घेतली तर या पेयाचा भूगोल जिभेवर कळतो. फळे शरद ऋतूत पिळली जातात आणि रस थंडीत संथपणे आंबतो, त्यामुळे फेब्रुवारीत मिळणारी सायडर बहुधा आधीच्या वर्षीच्या फळांची आणि मुरलेली असते. 'ड्राय' असे लिहिलेले असेल तर ती खरोखरच साखरविरहित असते, म्हणून सुरुवातीला 'मीडियम' मागावी.

पेरी ही नासपतीची सायडर म्हणता येईल, पण तिची प्रकृती वेगळी आहे. ग्लॉस्टरशायर, हेरफोर्डशायर आणि वूस्टरशायर हे तिचे घर. तिची झाडे दोनशे-तीनशे वर्षेही जगतात आणि फळ खाण्यास निरुपयोगी असते. त्या फळात सॉर्बिटॉल ही न आंबणारी साखर असल्यामुळे पूर्ण आंबल्यावरही पेरीत हलका गोडवा उरतो; तोच पदार्थ पोट सैल करतो, म्हणून तिचे प्रमाण मर्यादित ठेवावे. पेरी नाजूक असते. भाजक्या माल्टच्या बिअरनंतर ती पाण्यासारखी लागते, म्हणून माझा आग्रह असा की दालनात शिरल्यावर सर्वांत आधी पेरी घ्यावी, मग मध्यम सायडर, आणि त्यानंतर गडद बिअरकडे वळावे. इथले पुष्कळ लोक याच्या उलट करतात. त्यांना आनंद मिळत असेल, पण पेरी कळत नाही.

मापाविषयी मी ठाम आहे: प्रत्येक वेळी पाइंटचा एकतृतीयांशच मागावा. महोत्सवाच्या पेल्यावर त्याची रेघ असते आणि ते माप सुमारे १९० मिलिलिटर भरते. ८.५ टक्क्यांच्या एलच्या एवढ्याशा मापातही ब्रिटनच्या हिशेबाने १.६ युनिट (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) अल्कोहोल असते, आणि आरोग्य विभागाचा सल्ला आठवड्याला १४ युनिटांहून अधिक न घेण्याचा आहे. तीच एल पाइंटभर घेतली तर जवळजवळ पाच युनिटे एका पेल्यातच होतात. मध्ये पाणी पीत राहावे आणि पोटभर खाऊन जावे. स्टिल्टन हे निळ्या शिरांचे चीज फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर याच परगण्यांत बनवता येते. ओल्ड एल किंवा बार्ली वाइनबरोबर त्याचा तुकडा घेतला तर खारट आणि गोड यांची अप्रतिम जोड जमते. बार्ली वाइन अगदी शेवटी, बसून, अर्धा तास लावून प्यावी. हातात ती किंचित गरम होत गेली की चव उलगडत जाते.

शक्य असेल तर शनिवारऐवजी गुरुवारी किंवा शुक्रवारी जावे. शनिवारी संध्याकाळपर्यंत चांगली पिंपे रिकामी झालेली असतात आणि गर्दीत स्वयंसेवकाशी दोन शब्द बोलणेही अवघड होते. वय सिद्ध करणारे ओळखपत्र जवळ ठेवावे. पेल्याची अनामत रक्कम पेला परत केल्यावर बहुधा मिळते. गाडी अजिबात नेऊ नये. नॉटिंगहॅमहून डर्बीला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो आणि राउंडहाउस स्थानकाला लागूनच आहे, त्यामुळे परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवली की पुरे.