‘शके’मध्ये ‘मध्ये’ आधीच आहे

प्रश्न असा आला आहे: ‘इ.स. १२९० या वर्षातल्या ठळक व्यक्ती आणि घटनांची एक यादी करतो आहे. त्यात “ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये लिहिली गेली” असं लिहिलं, तर एकाने “शक १२१२” असं दुरुस्त केलं. बरोबर काय? आणि ओवीतलं “बारोत्तरें” म्हणजे नक्की किती?’

आधी ते ‘शके १२१२ मध्ये’ काढा. हे मी व्याख्यानांत ऐकतो, पाट्यांवर वाचतो, गेल्या महिन्यात तर एका निमंत्रणपत्रिकेवर ‘शके सन १९४७ या साली’ असं छापलेलं पाहिलं. एका वर्षासाठी तीन वर्षं खर्ची घातली! ‘सन’ अरबी, ‘साल’ फारसी, दोन्हींचा अर्थ वर्ष. आणि ‘शके’त ते गृहीतच.

‘शके’ ही संस्कृतातली सप्तमी आहे. शक, शके, म्हणजे ‘शकात’. ‘मध्ये’ त्या एका मात्रेत बसलेलं आहे. ‘शके १२१२ मध्ये’ म्हणणं हे ‘मी घरीमध्ये गेलो’ म्हणण्यासारखं आहे. म्हणून ‘शके १२१२’ किंवा ‘शक १२१२ मध्ये’. दोन्ही चालतील, खिचडी नको. आता पंचांगापासून दिनदर्शिकेपर्यंत सगळीकडे ‘शके’ हे नामासारखंच छापतात, ते मला ठाऊक आहे. रूढी म्हणून सोडून देईन. पण ‘शके हे राजेसारखं आदरार्थी बहुवचन आहे, कारण तो शालिवाहन राजाचा शक’ असं जे विद्वान ठासून सांगतात त्यांना सोडणार नाही. आदर कोणाचा? शकांचा? नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाला शक, यवन आणि पल्हव या परकीयांचा निःपात करणारा म्हटलं आहे. कालगणनेला नाव मात्र त्या शकांचंच राहिलं. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्ती हा कवी इ.स. ६३४ चा काळ सांगताना ‘शक राजांची ५५६ वर्षं लोटल्यावर’ असं म्हणतो. त्यात शालिवाहन कुठेही नाही. तो बऱ्याच उशिरा येऊन चिकटला.

बरं, ओवी.

शके बाराशतें बारोत्तरें ।
तैं टीका केली ज्ञानेश्वरें ।
सच्चिदानंदबाबा आदरें ।
लेखकु जाहला ॥

‘तैं’कडे बघा. तैं म्हणजे तेव्हा. ‘शके’ सप्तमी नसती तर हा ‘तेव्हा’ कशाला धरून उभा राहिला असता? आणि ‘बारोत्तरें’ म्हणजे बारा + उत्तर, बाराने अधिक. बाराशेंवर बारा. १२१२. यात शंका घ्यायला जागा नाही.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून मला इतकं लिहावं लागतं. माझे आजोबा संध्याकाळी दिवा लागला की ओसरीवर आम्हा चौघांना भिंतीला पाठ लावून बसवायचे आणि पाढे म्हणून घ्यायचे. सोळाच्या पाढ्यात मी हमखास अडखळायचो. सोळा सक शहाण्णव इथवर ठीक, पुढे ‘सोळा साते बारोदरसे’. बारोदरसे म्हणजे काय ते विचारायची सोय नव्हती. चुकलं की कान. पंधरा साते पाचोदरसे. अकरा दाहे दाहोदरसे. मला वाटायचं, हे ‘ओदर’ म्हणजे उंदरासारखं काहीतरी असावं.

कित्येक वर्षांनी ही ओवी वाचताना डोक्यात लख्ख उजेड पडला. बारोदरसे म्हणजे बारोत्तरशे! बाराने अधिक शंभर, ११२. नेवाशात प्रवरेकाठी सच्चिदानंदबाबांनी जो शब्द लिहिला, तोच सातशे वर्षांनी आमच्या ओसरीवर कान पिळून घेत होता. बारा नवे आठोदरसे घ्या. पूजेत जी अष्टोत्तरशत नामावळी म्हणतात तिचाच हा घरगुती भाऊ, १०८. जुन्या कागदांतला ‘पाचोत्रा’, म्हणजे शेकडा पाच, तोही ह्याच कुळातला असं माझं ठाम मत आहे.

आमच्या गटातले एक निवृत्त मास्तर म्हणतात की ‘बारोदरसे’तला हा ‘दर’ म्हणजे ‘दर शेकडा’तला ‘दर’ आहे. मास्तर, ‘बारा दर शेकडा’ म्हणजे व्याज झालं, संख्या नाही. पाढ्यात कोणी कर्ज काढत नव्हतं. ‘त्तचा द कसा झाला?’ हा त्यांचा दुसरा आक्षेप. तीस पोरांनी एका तालात रोज घोकलेल्या शब्दाला व्याकरणाचे नियम लावता? आणि काही घरांत ‘दाहोत्रासे’ असंही म्हणतात. तिथे ‘त’ जिवंत आहे. आता बोला.

हां, तुमची यादी. तिच्यात एक खाच आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० असं सरसकट लिहू नका. शकात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १२१२ चैत्रात, म्हणजे १२९० च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि १२९१ च्या मार्चमध्ये संपला. जूनमध्ये दिल्लीत जलालुद्दीन खिलजी सत्तरीच्या घरात तख्तावर बसला, त्याच महिन्यात तिकडे फ्लॉरेन्सला कवी दान्तेची प्रिया बिआत्रिचे वारली, आणि १८ जुलैला पहिल्या एडवर्डने ज्यूंना इंग्लंडातून हाकलण्याचा हुकूम काढला. हे सगळं शके १२१२ मध्येच येतं.

(‘शके १२१२ मध्ये’ लिहिलं ना मी? तुमच्या प्रश्नाचा संसर्ग. खोडून ‘शके १२१२ तच’ करणार होतो, पण तेही तेच.)

ज्ञानेश्वरीचं मात्र ओवीत वर्ष आहे, महिना नाही. तेव्हा यादीत ‘शके १२१२ (इ.स. १२९०-९१)’ असं लिहा. आणि शेजारी रामदेवराव यादवाला विसरू नका. ‘यदुवंशविलासु’ म्हणून त्याचं नाव ग्रंथाच्या शेवटी आलेलंच आहे. जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई अलाउद्दीन त्याच्या दारात यायला अजून सहा वर्षं होती.