डिपर मारला म्हणजे थांब की ये? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकची. नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टला जॉब लागलाय, तो पुढे गेलाय, मी आणि मुलगी दिवाळीनंतर जाणार. इथे मी रोज गाडी चालवते, स्विफ्ट आहे, मुंबईलाही एकटी जाऊन येते. पण ज्याला सांगावं तो घाबरवतोच, तिकडे उजव्या बाजूने चालवतात, ऑटोबानवर म्हणजे तिकडच्या एक्सप्रेसवेवर स्पीड लिमिटच नाही, तुला जमायचं नाही वगैरे. माझं लायसन्स तिकडे चालेल का, आणि खरंच एवढं वेगळं असतं का सगळं?

उत्तर: ताई, आधी लायसन्सचं उरकून टाकू. तिथे राहायला गेल्यापासून ६ महिने तुमचं भारतातलं लायसन्स चालतं, सोबत त्याचं जर्मन भाषांतर नाहीतर आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट हवं. हे परमिट वर्षभराचं मिळतं म्हणून बरेच जण वर्षभर निवांत राहतात आणि मग फसतात, कारण परमिट कितीही दिवसांचं असलं तरी तिथे राहणाऱ्याला सहाच महिने. त्यानंतर लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, अनुभव दहा वर्षांचा असला तरी. लेखी इंग्रजीतून देता येते, गाडीवरची मात्र जर्मनमधूनच, त्यामुळे 'पुढच्या चौकात डावीकडे वळा' एवढं तरी जर्मनमध्ये कळायला हवं. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स पण लागतो. पोचल्या पोचल्या अर्ज टाका, तिकडची ऑफिसं काही आपल्यासाठी थांबलेली नसतात.

आता उजव्या बाजूचं. खरं सांगू का, याचा लोक उगाच बाऊ करतात. गर्दीत पुढच्याच्या मागे जायचं असतं, त्यात चूक होत नाही. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा सकाळी सामसूम असताना डावीकडे वळलात की, तेव्हा हात सवयीने नाशिकच्या बाजूला जातो. आणि एक गंमत, स्विफ्टला इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिकडच्या गाड्यांना डावीकडे, म्हणजे पहिले काही दिवस प्रत्येक वळणावर तुमचा वायपर फिरणार, कडक उन्हात सुद्धा. हसतील लोक, हसू द्या.

खरा फरक वेगळाच आहे. आपल्याकडे रस्त्यावर सतत बोलणी चालू असतात, हॉर्नने, हाताने, डोळ्याने, नाक आधी कोणी घातलं त्यावरून. तिकडे आधी कोण जाणार हे नियमाने ठरलेलं असतं त्यामुळे समोरचा तुमच्याकडे बघतच नाही, तुम्ही थांबणार हे धरूनच तो येतो. याचा सगळ्यात कडक नमुना म्हणजे 'रेष्ट्स फोर लिंक्स', ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही रुंद रस्त्यावर आहात आणि उजवीकडच्या बोळातून एखादी छोटी गाडी येतेय तरी थांबायचं तुम्हीच. ती गाडी चालवणारी आजी मान सुद्धा वळवणार नाही, कारण हक्क तिचा. ताशी ३० किमीच्या झोनमधल्या सोसायट्यांच्या गल्ल्यांत हे पावलोपावली येतं आणि परीक्षा घेणारा तुम्हाला नेमका तिथेच फिरवतो. रस्त्यावर पिवळी चौकोनी, टोकावर उभी केलेली पाटी दिसली तर मात्र तुमचा रस्ता मोठा, तुम्ही आधी. गंमत म्हणजे आपल्या १९८९ च्या रस्ता नियमावलीतही मोठा रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच लिहिलं होतं, पण आपल्या कुठल्या चौकात ते पाळलेलं बघितलंय कोणी?

डिपरचं तर नीट लक्षात ठेवा, इथे उलटा अर्थ लागला तर थेट ठोकाल. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे मी येतोय, तू थांब. तिकडे अरुंद रस्त्यावर समोरच्याने थांबून एकदा डिपर दिला तर बहुतेक वेळा अर्थ असतो की या, तुम्ही निघा. त्यामुळे दोघंही एकमेकांसाठी थांबून राहतात, हा झाला बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे तुम्ही सवयीने 'मी येतेय' म्हणून डिपर मारता आणि समोरचा त्याला आमंत्रण समजून निघतो. म्हणून पहिले काही महिने डिपरला हातच लावू नका. हॉर्नचंही तेच, वस्तीत तो फक्त धोक्याच्या वेळी, एरवी वाजवलात तर ती शिवी दिल्यासारखी वाटते लोकांना. आपल्या ट्रकांच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्राने २०१५ साली बंद केलं खरं, पण सवय काय पाटी पुसून जाते होय.

ऑटोबानबद्दल. सगळीकडे लिमिट नाही असं नाहीये, बऱ्याच पट्ट्यांवर लिमिट आहे, जिथे नाही तिथे १३० ची शिफारस आहे. भीती तुमच्या वेगाची नाहीये, मागच्याच्या वेगाची आहे. तुम्ही १०० ने जाताय आणि मागून कोणी २०० ने येतोय तर तो दर सेकंदाला साधारण २८ मीटर जवळ येतो, आरशात ठिपका दिसला म्हणून लेन बदलायला घेतली तोवर तो मागच्या बंपरला. म्हणून उजवीच लेन धरायची, ओव्हरटेक झालं की परत उजवीकडे, आणि उजवीकडून ओव्हरटेक करायचा नाही. आपल्या एक्सप्रेसवेवर ट्रक ओव्हरटेकच्या लेनमध्ये आरामात चाललेला असतो आणि आपण त्याला डावीकडून कापतो, ती सवय नाशिकलाच ठेवून जा. पेट्रोल संपून ऑटोबानवर थांबलात तर त्याचाही दंड होतो, कारण टाकी बघणं तुमचं काम.

गावात ५० ची पाटी शोधू नका, नसतेच. गावाचं नाव लिहिलेली पिवळी पाटी आली की ५० सुरू, त्याच नावावर लाल तिरपी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं, आता १००. हे ठाऊक नसलं की कॅमेऱ्यात फोटो येणार.

आणि एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे. ट्रॅफिक जाम व्हायला लागला, गाड्या अजून रांगत असतानाच सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मधून अँब्युलन्सला मोकळी वाट होते. सायरन ऐकू यायच्या आधीच. न सरकणाऱ्याला २०० युरोपासून दंड, नियम मोडल्याचे २ पॉइंट नावावर आणि महिनाभर गाडी चालवणं बंद. आपल्याकडेही २०१९ पासून अँब्युलन्सला वाट न देण्याचा दंड १०,००० रुपये आहे, पण आपण सायरन ऐकून मग कुठे सरकू ते शोधायला लागतो, तोवर जागाच उरत नाही.

सायकलवाल्यांना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. उजवीकडे वळताना आरसा बघून भागत नाही, मान वळवून खांद्यामागे बघायचं. परीक्षेत याच्यावरूनच किती जण नापास होतात. आज नाशिकमध्येच सुरू करा ही सवय, फुकट आहे.

प्रश्न: म्युनिकला शिकतो. फ्री पार्किंगची पाटी होती, तरी दंडाची चिठ्ठी लावली. का?

उत्तर: पाटीखाली निळ्या घड्याळाचं चित्र असणार, बघ परत. तिथे फुकट असतं पण ठरावीक वेळच, आणि आलेली वेळ दाखवणारी निळी चकती काचेमागे ठेवावी लागते. काटा पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा, १०:१० ला आलास तर १०:३०. चकती नाही म्हणजे दंड.

प्रश्न: आमचा जर्मन जावई पहिल्यांदाच पुण्याला येतोय. आमचीच गाडी घेऊन ताम्हिणीतून कोकणात जायचं म्हणतोय, स्वतः चालवणार. नको म्हणावं तर वाईट दिसेल. काय करू?

उत्तर: काकू, नाही म्हणू नका, पण पहिल्या दिवशी घाट नको. आधी विमा कंपनीला विचारून घ्या की परदेशी लायसन्सवाला चालवत असेल तर क्लेम मिळतो का, आणि इंटरनॅशनल परमिट त्याला तिकडूनच काढून आणायला सांगा. मग दोन दिवस त्याला शेजारच्या सीटवर बसवून शहरात फिरवा, बोलू नका, नुसतं बघू द्या.

त्याला तीन गोष्टी सांगून ठेवा. एक, पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळतोय किंवा 'जा बाबा पुढे' म्हणतोय, दोन्ही शक्य आहे, म्हणून ड्रायव्हरचा हात खिडकीबाहेर हलतोय का ते बघायचं आणि तरी पुढचा रस्ता स्वतः दिसल्याशिवाय निघायचं नाही. दोन, घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, लाजायचं नाही, तो तिथे वाजवलाच पाहिजे. तीन, अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे आपल्याकडे नियमातही आहे आणि एसटीचे ड्रायव्हर तर पक्के पाळतात. रात्री चालवू देऊ नका, समोरचे अप्पर लाईट त्याला झेपायचे नाहीत.

आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा, पुढे लेकीला बसू द्या. प्रत्येक वळणाला 'अगं बाई' झालं तर तो बिचारा ब्रेक मारेल, मागून लाल परी येत असेल.