लाकडी धनुष्याच्या पाठीवर माशाची कातडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नोकरीनिमित्त मी सिएटलजवळ राहतो आणि येथील एका कार्यशाळेत लाकडी धनुष्य करायला शिकलो आहे. व्हाइन मेपल या येथील झाडाच्या लाकडाचे 168 सेंटिमीटर लांबीचे धनुष्य तयार झाले असून 71 सेंटिमीटर ओढल्यावर त्याचा ताण 40 पौंड भरतो. मात्र साल सोलताना सुरी खोल गेल्यामुळे वरच्या भुजेच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागाच्या, पाठीवर लाकडाचे वाढीचे वलय बोटभर लांबीत कापले गेले. तेथे सॅमनची कातडी डकवली तर ती जागा सुरक्षित होईल का आणि धनुष्याची ताकद वाढेल का? (एक वाचक, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका)

उत्तर : ताकद वाढणार नाही आणि कापलेल्या वलयाचा भारही सॅमनच्या कातडीवर टाकता येणार नाही. कातडी लावू नका, असा याचा अर्थ नाही. पण तिच्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा करायची, हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

धनुष्य ओढले की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. बहुतेक लाकडे रेशांच्या दिशेने दाबापेक्षा ताण अधिक सोसतात. म्हणून निर्दोष पाठीचे धनुष्य सहसा पोटाकडून थकते, हळूहळू कायमचा वाक धरते किंवा पोटावर केसासारख्या बारीक आडव्या सुरकुत्या दाखवते. पाठीकडून तुटणाऱ्या धनुष्यात बहुधा गाठ, तिरका गेलेला रेसा किंवा आपण म्हणता तसे कापलेले वलय असते. सलग रेसा टोकापासून मुठीपर्यंत ताण वाहून नेतो. तो मध्येच कापला गेला की तो ताण दोन रेशांमधल्या बंधावर येतो, आणि लाकडात हा बंध सर्वांत दुबळा असतो. मग कापाच्या कडेला ढलपी उचलते आणि एखाद्या दिवशी त्याच जागेतून भुजा फाटते.

आता कातडीकडे पाहू. वाळलेली सॅमनची कातडी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि तिचा ताठपणा लाकडाच्या मानाने बराच कमी असतो. लाकूड तुटण्याआधी फार थोडे ताणले जाते, आणि तेवढ्या ताणात ही पातळ कातडी जवळजवळ काहीच भार उचलत नाही. तुर्की संमिश्र, म्हणजे लाकूड, शिंग आणि स्नायुतंतू जोडून केलेल्या, धनुष्यांच्या पाठीवर स्नायुतंतूंचा जाड थर सरसाने बसवलेला असतो; तो थर खरोखर भार वाहतो आणि त्यावरच त्या धनुष्यांची आखूड, जोरकस घडण उभी आहे. माशाच्या कातडीची त्या थराशी तुलना करणे योग्य नाही.

तरीही तिचे एक खरे काम आहे. माशाच्या कातडीतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू एकावर एक थरांत परस्परांना छेदत गेलेले असतात, त्यामुळे ती एका रेषेत सहजासहजी फाटत नाही. रशिया-चीन सीमेवरील अमूर नदीकाठचे नानाई लोक याच गुणामुळे तिचे कपडे आणि पादत्राणे शिवत आले. धनुष्याच्या पाठीवर ती नीट चिकटली, तर उचलू पाहणारी बारीक ढलपी ती दाबून धरते, ओरखडे लाकडापर्यंत पोहोचू देत नाही आणि वरून पॉलिश दिले की दमट हवेलाही अडवते.

आपल्या धनुष्याबाबत पहिली गोष्ट अशी करावी. कापसाचा बोळा घेऊन तो पाठीवरून मुठीकडून टोकाकडे आणि पुन्हा उलट दिशेने अलगद फिरवा. बोटाला न जाणवणारी ढलपीही कापसाचे तंतू धरून ठेवते. काप एकाच वलयापुरता असेल, त्याच्या कडा घासून उतरत्या केल्या असतील आणि रेसे सरळ असतील, तर पातळ सुपरग्लू जिरवून त्या जागेवर रेशमी दोऱ्याचा पट्टा घट्ट गुंडाळावा. काप भुजेच्या कडेपर्यंत गेला असेल किंवा जेथे भुजा सर्वांत जास्त वाकते तेथे असेल, तर संपूर्ण पाठीवर जवसाच्या धाग्यांचा थर किंवा शेळीचे कच्चे कातडे बसवावे आणि पोटाकडून थोडे लाकूड काढून ताण 30-35 पौंडांवर आणावा. पाच-दहा पौंडांचा मोह सोडणे जड जाते, हे मी जाणतो. पण चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तुटणाऱ्या लाकडाशी तडजोड करू नये.

त्यानंतर माशाची कातडी न लावताच शेदोनशे बाण सोडा आणि प्रत्येक वेळी ती जागा उजेडात पाहा. कातडी लावण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. उघडे लाकूड तुटण्यापूर्वी बहुधा काही ना काही खूण दाखवते, आणि कातडी ती खूण झाकून टाकते. जे धनुष्य तिच्यावाचून टिकले आहे, त्यालाच ती लावावी.

प्रश्न : माशाच्या कातडीने मढवलेल्या धनुष्यांची छायाचित्रे पाहून मलाही तसे करावेसे वाटते. पुण्यात कोणता मासा घ्यावा, कातडी कशी कमवावी, आणि सरस वापरावा की फेव्हिकॉल? सापाची कातडी अधिक चांगली, असेही वाचले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. अमेरिकेत रॅटलस्नेकच्या कातडीने मढवलेली धनुष्ये पुष्कळ दिसतात, पण भारतात अजगर, नाग, धामण यांच्या कातडीचा व्यवहार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये गुन्हा ठरतो. बाजारातल्या खाण्याच्या माशाची कातडी एरवी फेकलीच जाते. माझ्या दृष्टीने निवड करण्यासारखे यात काही उरतच नाही.

सॅमन आणि कार्प यांच्या कातड्या धनुष्य करणारे नेहमी वापरतात. आपल्याकडे कार्पच्याच कुळातले रोहू आणि कटला सहज मिळतात. अडचण मिळण्याची नसून कापण्याची आहे, कारण आपल्याकडे मासा कातडीसकट आडव्या तुकड्या पाडून विकला जातो. विक्रेत्याला आधीच सांगून दोन्ही बाजूंची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत सलग सोडवून घ्यावी. एका भुजेला मुठीपासून टोकापर्यंत सुमारे 75 सेंटिमीटर लांबी लागते. मासा तेवढा मोठा नसेल, तर एकाच माशाच्या दोन बाजू दोन भुजांना लावून टोकांकडचा उरलेला भाग दोऱ्याने गुंडाळता येतो. डाव्या-उजव्या बाजूंची नक्षी जुळते, हा त्यातला लाभ.

कातडी कमवण्याची, म्हणजे चामडे करण्याची, गरज नाही. ती केवळ स्वच्छ आणि कोरडी हवी. ती पाटावर पसरून बोथट सुरीने आतले मांस आणि चरबी खरवडावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सारे यावर अवलंबून असते, कारण उरलेल्या तेलावर कोणताही डिंक धरत नाही आणि वासही त्या तेलाचाच येतो. भांडी घासण्याच्या साबणाने गार पाण्यात ती दोन-तीनदा धुवावी आणि पाण्यावर तेलाचा तवंग येणे थांबेपर्यंत थांबू नये. नंतर फळीवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवावी. खवले वाळण्यापूर्वीच काढावेत. ते निघाल्यावर कातडीत त्यांचे कप्पे राहतात आणि पॉलिशखाली दिसणारी जाळीदार नक्षी याच कप्प्यांची असते.

पाणी गारच हवे, याला कारण आहे. कॉडसारख्या थंड समुद्रातल्या माशाच्या ओल्या कातडीतले कोलॅजन 40 अंश सेल्सियसच्या आसपासच आकसू लागते, तर गुरांच्या कातड्याला 60 अंशांच्या पुढे जावे लागते. उष्ण पाण्यातले मासे या दोहोंच्या मध्ये येतात. सुतारी सरस साधारण 60 अंशांवर पातळ ठेवतात. तो तसाच गरम कातडीला लावला, तर ती हातातच गोळा होते.

सरसाचा विषय निघाला म्हणून सांगतो, धनुष्याशी माशाच्या कातडीचे सर्वांत जुने आणि भक्कम नाते आच्छादन म्हणून नसून सरस म्हणून आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस 1732 साली उत्तर युरोपातील लॅपलँडात फिरला, तेव्हा तेथील मूळ रहिवासी सामी लोक पर्च माशाच्या कातड्यांपासून धनुष्यासाठी सरस कसा करतात, हे त्याने टिपून ठेवले. कातड्या वाळवून, पुन्हा भिजवून, खवले काढून त्या रेनडियरच्या मूत्राशयात किंवा बर्चच्या सालीत गुंडाळायच्या आणि उकळत्या पाण्यात ठेवायच्या. पाणी आत शिरत नाही, त्यामुळे सरस दाट राहतो. उत्तर कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी 1911 साली ऑरोव्हिलजवळ बाहेरच्या जगासमोर आला. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. इशीच्या लोकांची रीत त्यानेच नोंदवली: सॅमनची कातडी उकळून केलेला सरस धनुष्याच्या खरबरीत पाठीवर लावायचा आणि त्यावर हरणाचे स्नायुतंतू चावून मऊ करून बसवायचे. जिला आज आपण शोभेची वस्तू समजतो, तिच्यातला चिकटपणा त्या धनुष्यांना जोडून ठेवत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुण्याच्या पावसाळ्यासाठी मात्र मी पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल सुचवीन, कारण प्राणिज सरस दमट हवेत मऊ पडतो. टोकांपर्यंत सारख्या वाकणाऱ्या, बाण सोडून पारखलेल्या धनुष्याची दोरी उतरवा, पाठ 100 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने रेशांच्या दिशेनेच घासा, स्पिरिटने पुसा आणि पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाचा एक हात देऊन वाळू द्या. कातडी गार पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवून फडक्यात टिपून घ्या. दाट डिंक लाकडाला आणि कातडीच्या आतल्या बाजूला लावून मानेकडचा रुंद भाग मुठीवर आणि शेपटीकडचा भाग टोकावर येईल, अशी ती मांडा. खवल्यांचे कप्पे शेपटीकडे उघडतात, त्यामुळे या मांडणीत हात मुठीकडून टोकाकडे फिरवला तर गुळगुळीत लागतो. माशाच्या अंगावरची मधली पार्श्वरेषा भुजेच्या मध्यरेषेवर बसवावी. ती केसभर जरी सरकली, तरी चांगले धनुष्य वाकडे भासते.

मग अंगठ्याने मधून कडांकडे दाबत जावे. हवेचा फुगा राहिला असेल, तर अंगठ्याखाली कातडी किंचित हलते आणि डिंकाचा चुळचुळ आवाज येतो. तेवढी जागा उचलून पुन्हा डिंक लावावा, सुईने टोचून भागवू नये. वरून मलमपट्टीचे सुती कापड गुंडाळावे, पण आवळू नये, नाहीतर त्याचे वळ कायमचे उमटतात. दुसऱ्या दिवशी ते सोडून आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवावे. या काळात धनुष्याला दोरी चढवायची नाही, कारण कातडीतले पाणी पाठीच्या लाकडात उतरलेले असते आणि ओले लाकूड ओढल्यास वाक धरून बसते. कडेला आलेली जादा कातडी सुरीने कापण्याऐवजी कानशीने पाठीकडून पोटाकडे घासत काढावी. उलट्या दिशेने घासल्यास कड उचलते. मुठीवरचा जोड चामड्याखाली जातो. शेवटी चपडा लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्यावेत. उघडी कातडी चामडे खाणाऱ्या किड्यांना आणि उंदरांना आमंत्रण असते.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांच्या घरी सातपुड्यातला बांबूचा तीरकामठा असतो. पावसाळ्यात तो मऊ पडतो. त्यालाही अशी कातडी लावावी का? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : लावू नये. बांबूत सर्वांत दाट तंतू बाहेरच्या कडेला असतात, त्यामुळे ती बाजू पाठीला ठेवलेली असेल, तर त्या कामठ्याला उत्तम पाठ आधीच लाभलेली आहे. त्या गुळगुळीत सालीवर डिंक धरत नाही आणि तो धरावा म्हणून साल घासली, तर नेमके तेच मजबूत तंतू आपण कापून टाकतो. पावसाळ्यातला दमटपणा पाठीतून फारसा शिरत नाही. तो आतल्या तासलेल्या बाजूने, कडांनी आणि टोकांच्या खाचांतून शिरतो. पावसाळ्यापूर्वी त्या जागांना कच्चे जवसाचे तेल दोन-तीनदा चोळून प्रत्येक वेळी पूर्ण वाळू द्यावे आणि कामठा दोरी उतरवून चुलीपासून दूर, पण धुराच्या उबेत राहील असा आढ्याला आडवा ठेवावा.