दाढ ठणकायची थांबली, पण तोंडाला कुजका वास येतो : दवाखाना दिवाळीनंतर चालेल का?

आपण लिहिले आहे की वडिलांची खालची शेवटची दाढ आठवडाभर ठणकत होती, मग तिच्या हिरडीवर पुळी आली, ती आपोआप फुटल्यावर ठणका थांबला आणि आता केवळ तोंडाला कुजका वास येतो व मधूनच खारट चव लागते. त्यांना मधुमेह आहे, तरीही ‘आता दुखत नाही, दिवाळीनंतर बघू’ असे ते म्हणतात. मी दंतवैद्य आहे आणि माझे स्पष्ट मत असे की दिवाळीपर्यंत थांबू नये. सूज किंवा ताप नसेल तर रात्रीतून धावपळ करण्याचे कारण नाही, पण एक-दोन दिवसांत दाढ दाखवायलाच हवी.

दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला, ही समजूत अशा वेळी सर्वांत जास्त फसवते. कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली की नस सुजते आणि भोवती कठीण दात असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून असह्य ठणका लागतो. पुढे नस मरते, थंड-गरम लागेनासे होते आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरून तेथे पू साठू लागतो. हा पू हाड पोखरून हिरडीतून बाहेर पडला की आतला दाब उतरतो आणि रुग्णाला एकदम आराम वाटतो. वडिलांना लागणारी खारट चव बहुधा त्या पुवाची आहे आणि वासही त्याचाच आहे. मुळाशी असलेला संसर्ग मात्र जागेवरच राहतो, आणि हिरडीवरचे तोंड बुजले की पू पुन्हा साठतो.

तपासताना अशी पुळी बोटाने हलकेच दाबली तर तिच्या टोकावर पिवळसर थेंब येतो, आणि दाबूनही दुखत नाही याचे रुग्णालाच नवल वाटते. त्या छिद्रातून रबरासारखी बारीक लवचीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला की ती कोणत्या मुळाशी जाऊन टेकते ते स्पष्ट दिसते. कधी कधी रुग्ण ज्या दाढेवर बोट ठेवतो तिच्या शेजारचीच दाढ दोषी निघते, म्हणून घरच्या घरी तर्क करण्यात अर्थ नाही.

खालच्या मागच्या दाढांबद्दल मी अधिक आग्रहाने सांगतो, त्याचे कारण त्यांच्या मुळांची टोके जेथे असतात तेथे आहे. पुष्कळदा ती जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात, त्यामुळे आतल्या बाजूने फुटलेला पू तोंडात न येता जबड्याखाली आणि गळ्याकडे उतरू शकतो. गळ्याकडे उतरणाऱ्या या संसर्गाचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये केले आणि आजही तो जीवघेणा ठरू शकतो. जबड्याखाली टणक, पसरत जाणारी सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, स्वतःची लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडू लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ पाहत बसू नका. 108 ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठा. ताप येणे, तोंड दोन बोटांएवढेही न उघडणे किंवा गालावरची सूज डोळ्याकडे सरकणे, यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

मधुमेहामुळे ही घाई वाढते, कारण संसर्गाने साखर चढते आणि चढलेली साखर संसर्गाला आटोक्यात येऊ देत नाही. वडिलांची साखर आजच तपासा. श्वासाला कुजक्याऐवजी पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागला आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर तो दाताचा प्रश्न नसून मधुमेहातील गंभीर गुंतागुंतीचा इशारा आहे. तेव्हाही रुग्णालयच गाठावे.

सकाळी उठल्यावर येणारा वास, किंवा जिभेवरचा पांढरा थर खरवडल्यावर कमी होणारा वास, यांची एरवी काळजी करू नये. तातडीच्या वासाला सहसा सोबत असते : पू, सूज, हिरड्यांची टोके कुरतडल्यासारखी होऊन रक्त येणे, किंवा दात काढल्यानंतर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्या माणसाच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ती दुखत नसली तरी दाखवलीच पाहिजे.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरणे पुरेसे आहे. गालावर बाहेरून शेक देऊ नका. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवय काही घरांत आहे, तिने हिरडी भाजते. मेडिकलमधून मागून आणलेल्या किंवा घरात उरलेल्या अँटिबायोटिकवरही विसंबू नका : मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध दाढेच्या आत पोचत नाही आणि गोळ्या संपल्या की त्रास परत येतो. खरा उपाय रूट कॅनॉल करून आतली घाण काढणे किंवा दाढ काढणे हाच आहे. दाढ काढल्याने डोळे अधू होतात, ही भीती वडिलांच्या मनात असेल तर ती निराधार आहे, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार माफक दरात होतात.

फोनवर वेळ घेताना ‘तोंडाला वास येतो’ एवढेच सांगितले तर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळण्याची शक्यता आहे. म्हणून ‘दाढेतून पू येतो आणि मधुमेह आहे’ असे सांगा. साखरेचा ताजा अहवाल व चालू औषधांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, आणि वडिलांना उपाशीपोटी न नेता नेहमीचे जेवण व नेहमीची औषधे देऊनच न्या.