शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात उपरोधिक उत्तर द्यावं का? (रत्नागिरी, मुलगी ९ वर्षांची, घरीच शिकते)

नको. ‘आधी तुमच्या शाळेची तपासणी आम्ही करू’ असा टोला एखाद्या लेखात जरूर लिहा, तो रास्तच आहे. पण दारात आलेल्या शिक्षिकेच्या तक्त्यात असलं काही लिहिलंत तर मुलीची नोंद ‘शाळाबाह्य’ अशीच होणार, आणि त्या बिचारीने नियम केलेले नाहीत.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे. कलम 10 मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतं, मात्र त्यासाठी पालकांना दंड सांगत नाही. घरशिक्षणाला वेगळी मान्यताही नाही. म्हणून वाद घालण्यापेक्षा कागद दाखवा.

तारीख घातलेली वही ठेवा, रोज एक पान पुरे. उदाहरणार्थ, तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा ठोकताळा: ‘अष्टमी. 8 × पाऊण = 6, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. सुकती (ओहोटी) साधारण सव्वासहा तासांनी. मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन पाहिलं, फरक इतक्या मिनिटांचा.’ गुणाकार, निरीक्षण, लेखन सगळं एका पानात दिसतं. नुसते फोटो दाखवलेत तर सहल वाटते.

जन्मदाखला आणि आधीच्या शाळेचा दाखला जपून ठेवा. पुढे दहावीला 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) भरताना शाळेचा मूळ दाखला मागतात. हरवला तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आणि तिथेच महिने जातात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (NIOS) दहावी द्यायची तर वय किमान 14 हवं. मध्येच शाळेत घालावंसं वाटलं तर कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.